बोलकं लुगडं आणि रामदासपेठेतला चहा

“हे मी सांगन तर तुम्ही कोणी खरं मानणार नाही,” आबाजी म्हणाले, आणि दामिनीनं कप खाली ठेवला.

निघताना तिच्या या आजोबांनी कबूल केलं होतं. रामदासपेठेतल्या त्या बंगल्यात हसायचं, चहा प्यायचा, तो बशीत ओतायचा नाही, आणि गोष्ट तर मुळीच सांगायची नाही. वैभवनं तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, “लकडगंजातल्या दुकानाचं बोला. घरच्या हातमागाचं काढू नका. मला यमुआत्यानं वाढवलंय. ती नाही म्हणाली तर मी तिला दुखवून लग्न करू शकणार नाही.”

ती यमुआत्या समोर ताठ बसली होती. कानात मोत्याच्या कुड्या, तोंडात छापील पुस्तकातलं मराठी. केकचा तुकडा काट्यानं असा उचलायची की बशीलाही कळू नये. आतापर्यंत सगळं बरं चाललं होतं. पण दामिनीच्या हातानंच घात केला. टेबलावरच्या कापडाचा काठ तिनं नकळत उलटा केला आणि अंगठ्यानं चोळून पाहिला. विणकर कोष्ट्याच्या घरात रांगतं पोरही हेच करतं. कापड दिसलं की आधी त्याची पाठ बघायची.

“काय पाहतेस? डाग आहे का?” यमुताईंनी विचारलं होतं.

दामिनी घाईनं काठ सरळ करू लागली. म्हणून नातीला वाचवायला आबाजी धावले होते, आणि आता ते थांबणार नव्हते.

“भोसल्यांच्या काळातली गोष्ट,” ते म्हणाले. “राजवाड्यात मधुवंती नावाच्या बाईसाहेब होत्या. तिथली रीत मोठी कडक. बाईमाणसानं हसायचं ते पदराआड, हो म्हणायचं ते मान हलवून, अन् नाही म्हणायची तर सोयच नव्हती. तिचं लग्न ठरवलं एका म्हाताऱ्या सरदाराशी. अन् तिचा जीव जडला होता आमच्या खापरपणज्यावर. ईश्वरदास त्याचं नाव.”

“ते दरबारात होते?” यमुताईंनी विचारलं.

“जाऊन-येऊन.”

दामिनीनं साडीच्या निऱ्या मुठीत धरल्या. ‘माग’ हा शब्द आबाजींच्या घशातून वर चढताना तिला जणू दिसत होता.

“त्यानं तिच्यासाठी एक लुगडं केलं.”

“केलं म्हणजे?”

“करवून घेतलं,” दामिनी घाईनं म्हणाली.

आबाजींनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “विणलं. आपल्या हातानं, आपल्या मागावर.”

झालं. वैभवनं डोळे मिटून घेतले. यमुताईंचा काटा बशीच्या वर अधांतरी थांबला, पण चेहऱ्यावर रेघ हलली नाही. दामिनीला वाटलं, आता आत्या घड्याळाकडे बघतील, ‘बरं वाटलं भेटून’ म्हणतील, आणि दारापर्यंत सोडायला येतील. मोठ्या घरांत नकार असाच येतो, चप्पल सरळ करून देत.

“मग?” यमुताई म्हणाल्या.

“मग काय, जादूचं लुगडं ते. सुती अंग, रेशमी काठ. नेसणारीच्या मनात जे असन ते काठ बोलून टाकते. साखरपुड्यात भरल्या दरबारात सरदारानं विडा पुढं केला. मधुवंतीनं रीतीप्रमाणं मान खाली घातली, अन् पायाजवळून आवाज आला, ‘मले हा बुढा नाही पाहिजे.’”

वैभवला ठसका लागला.

“सरदार म्हणे, कोण बोलून राहिलं? लुगडं म्हणे, ‘मी. अन् तुमच्या मिशीचा कलप गालावर उतरून राहिला, तो पुसा आधी.’”

यमुताई हसल्या नाहीत. लुगडं बोललं याला त्यांची काही हरकत दिसेना. हेच दामिनीला जास्त भीतीचं वाटलं.

“आणि हे लुगडं त्यांनी विणलं कधी?” त्यांनी विचारलं.

“आबाजी, चहा निवतोय,” दामिनी म्हणाली.

“निवू दे वं. ताई, साखरपुडा तोंडावर आलेला. भर श्रावण, धो धो पाऊस. तरी ईश्वरदासनं गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलं, तसंच पावसात सुताला ताठपणा यायला पेजेची खळ लावली, अन् कुंचा फिरवून...”

“खोटं,” यमुताई म्हणाल्या.

दामिनी उठली. पर्स कुठं ठेवली तेही तिला आठवेना. यमुताईंनी काटा खाली ठेवला, जरा जोरातच, आणि तो बशीवर वाजला.

“बस वं पोरी, तू काहून उठून राहिली? अन् तुम्ही बाबा, पावसात खळ कोण लावते गा? सारी धुऊन जाईन ना. आभाळ नुसतं काळं दिसलं तरी माहा बा सूत गुंडाळून घरात पळे, अन् आम्ही पोरी कुंचे घेऊन त्याच्या मागं. लुगडं बोललं म्हणता, मी ऐकून घेतलं. हे नाही ऐकून घेणार.”