मनोऱ्याची खांडेनवमी

मित्रांनो, शेवटी मला भंगारात काढलं. गॅस कटरने माझे तुकडे केले, ट्रकमध्ये घातले आणि ट्रक अकोल्याच्या रस्त्याला लागला. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण असं काही झालेलं नाही. मी भातकुलीजवळच्या एका वावरात चार पायांवर उभा आहे, तब्येत उत्तम आहे आणि पुढे काय होणार याची मला मुळीच कल्पना नाही.

तर मी एक जुना विजेचा मनोरा आहे. गावात मला टावर म्हणतात. मनोरा हा शब्द मी केवळ तुम्हाला परीक्षेत मार्क मिळावेत म्हणून वापरतो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण एकदम झाला नाही. आधी पाय आले. पांदणीत चिखल होता म्हणून बाकीचा मी बैलगाडीने सुट्या भागांत आलो. माझं डोकं बरेच दिवस धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पडून होतं. त्या काळात मी फारसा विचार केला नाही. मग एके दिवशी मला जोडलं, वर तारा चढवल्या आणि काम समजावून सांगितलं. काम एकच होतं: तारा धरायच्या आणि सोडायच्या नाहीत. मी ते लगेच शिकलो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. लोक पाहुण्यांना मला दाखवायला आणायचे. पाहुणे मान वर करून "लय मोठा हाये" म्हणायचे आणि चहाला निघून जायचे. पुढे लोकांना माझी सवय झाली. सवय झालेल्या वस्तूकडे कोणी मान वर करून बघत नाही मित्रांनो, हे मी अनुभवाने सांगतो. कावळे तेवढे नियमित येत राहिले, पण ते कौतुकासाठी येत नव्हते.

ज्या वावरात मी उभा आहे ते चंद्रभान आणि सुभद्राबाई यांचं. दोघं वर्षभर भाजीपाला करायचे आणि दसऱ्यासाठी झेंडू लावायचे. भाजी घर चालवायची. झेंडू घराला हसवायचा.

मग डोंगरात पवनचक्क्या आल्या. मला हे एका घारीने सांगितलं. ती म्हणाली, तिकडे पांढरे मनोरे उगवून राहिले आहेत आणि ते डोक्यावरचे हात गरगर फिरवतात. मला ते बेशिस्तीचं वाटलं. पण त्यांची वीज माझ्याच तारांतून येऊ लागली, तेव्हा मी मत बदललं.

मित्रांनो, पांदण एका बैलगाडीपुरती असावी आणि सगळ्या गावाने एकदम गाड्या जुंपाव्यात, तसं माझं झालं. आषाढात वारा सुटला की माझ्या तारा तापायच्या आणि खाली लोंबायच्या. मग कुठल्यातरी कार्यालयातून हुकूम निघायचा, अर्ध्या पवनचक्क्या बंद ठेवा. वारा सोसाट्याने वाहतो आहे आणि पवनचक्की हात बांधून उभी आहे! भर पोळ्याला बैल गोठ्यातच ठेवावेत, तसा हा प्रकार.

म्हणून नवी, जाड तारांची वाट करायचं ठरलं. माझ्या शेजारी झेंडूच्या कडेला एक नवा मनोरा उभा राहिला. माझ्याहून कितीतरी उंच. तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्यावर अजून तारा नव्हत्या, आणि बिनतारी मनोऱ्याला बोलायला विषय नसतो.

बाकी सगळी वाट पूर्ण झाली. आमच्या वावरातला तुकडा तेवढा उरला. तार ओढायची तर आधी माणसं दोर घेऊन पिकातून चालत जातात, मग दोराच्या मागे यंत्राने तार खेचतात. तेवढा वेळ माझी वीज बंद ठेवावी लागते. ती बंद ठेवण्याची परवानगी मिळाली खांडेनवमी आणि दसऱ्याची, कारण सणाला कारखाने बंद आणि विजेची मागणी कमी.

आता झेंडू तोडतात तोही नवमीलाच. आधी तोडला तर सुकतो, नंतर तोडला तर दसरा निघून जातो. शिवारात सगळीकडे सोयाबीनची सोंगणी चालू होती, मजूर कुठे मिळत नव्हते. फुललेल्या झेंडूतून दोर ओढला की वर्षाचं फूल मातीत जाणार, हे सुभद्राबाईंना दिसत होतं. त्यांनी रूपाली मॅडमना एक दिवस मागितला. रूपाली मॅडम म्हणजे अकोल्याहून येणाऱ्या इंजिनिअर. त्यांचाही नाइलाज होता. हे दोन दिवस हुकले तर रब्बीच्या ओलितामुळे पुन्हा वीज बंद ठेवता येणार नव्हती, आणि पुढच्या आषाढातही पवनचक्क्या हात बांधून उभ्या राहिल्या असत्या.

चंद्रभान म्हणाले, मी दोराले आडवा उभा राह्यतो.

"उभं राह्याले तो टावर आहे," सुभद्राबाई म्हणाल्या. "अन् तो उभ्या उभ्या काहीतरी धरून तं आहे. तुमी टोपलं धरा."

नवमी उजाडली. पहाटे माझी वीज बंद झाली. आयुष्यभर कानात चाललेली गुणगुण एकदम थांबली. मला आधी वाटलं, मी बहिरा झालो. मग झेंडूतल्या मधमाश्या ऐकू आल्या.

ट्रकमधून तार ओढणारे किसनराव मुकादम आणि त्यांची माणसं उतरली. दर्यापूरकडची, सगळी वऱ्हाडातली. त्यांनी ताडपत्री अंथरली. नट आवळायचे पाने, हातोडे, कप्प्या धुऊन मांडल्या, दोराचं वेटोळं मधोमध ठेवलं, तार खेचायच्या यंत्रालाही हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. मग सगळे बाजूला बसले. थोड्या वेळाने रूपाली मॅडम आल्या.

"किसनराव, दोर अजून इथंच?"

"दोर पूजेले बसला मॅडम. उद्या उठन."

"अहो, पूजा पाच मिनिटांची असते."

"पूजा पाच मिन्टाचीच असते. हत्यार दिवसभर बसते."

मॅडम चिडल्या. परवानगी, कार्यालय, वरचे साहेब असं सगळं बोलून झालं. किसनरावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं, तुमच्या लॅपटॉपात नकाशा आहे ना, तो तं दाखवा, उद्या कुठून सुरू करायचं ते पाहून ठेवू.

मॅडमचा हात बॅगेसाठी खांद्याकडे गेला आणि रिकामाच परत आला.

"घरी राह्यला का?"

"देवापुढे आहे," मॅडम म्हणाल्या.

"आईनं ठेवला असन."

"मीच ठेवला. सकाळी हळदकुंकू लावलं, नमस्कार केला अन् निघाले."

कोणी हसलं नाही. किसनराव आदराने आभाळाकडे बघू लागले.

तेवढ्यात सुभद्राबाई टोपली घेऊन आल्या. त्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं, रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसांकडे पाहिलं.

"हत्यारं बसली तं बसू द्या," त्या म्हणाल्या. "फूल तोडाले पाना लागत नाही."

मग सगळे झेंडूत उतरले. उंचावर काम करणारी माणसं ती, खाली वाकायची सवय नाही. एकाने सवयीने कंबरेचा पट्टा झेंडूच्या झाडाला बांधून घेतला. रूपाली मॅडम शेवटच्या ओळीला लागल्या. फुलं तोडता तोडता त्या म्हणाल्या, काकू, उद्या सूर्य निघायच्या आधी दोर निघाला पाहिजे.

"उद्या वावर तुमचं, बाई."

दुपार कलायच्या आत सगळा झेंडू उतरला. दोर घेऊन आलेला ट्रक फुलं घेऊन अमरावतीच्या बाजाराला गेला.

दसऱ्याला पहाटे हत्यारं उठली. फुलं नसलेल्या हिरव्या झाडांवरून दोर सळसळत गेला. दोन दिवसांचं काम एका दिवसात झालं, कारण आदल्या दिवशी सगळे दमले, पण रागावलेलं कोणी उरलं नव्हतं. दिवेलागणीला नव्या तारांत वीज सोडली, माझ्या तारा बंदच राहिल्या, आणि शेजारून मला माझी गुणगुण ऐकू आली.

माणसं गेली. सुभद्राबाईंनी उरलेल्या झेंडूची माळ माझ्या पायाला बांधली. मला माळ पहिल्यांदाच मिळत होती, म्हणून मी हललो नाही.

"लय उभा राह्यला बाप्पा तू," त्या म्हणाल्या. "बस आता."

मला बसता येत नाही. त्यासाठी गॅस कटर लागतो. तो नंतर आला, पण ते झालेलंच नाही हे आपलं ठरलं आहे.

मित्रांनो, वारा फुकट येतो, पण त्याला घरापर्यंत आणायला कोणाला तरी कोणाच्या तरी वावरात उभं राहावं लागतं. येता-जाता त्याच्याकडे मान वर करून बघत जा. त्या नवमीला पान्यापासून लॅपटॉपपर्यंत सगळे बसले होते. उभे होतो ते आम्ही दोन मनोरेच.

सबब, संबंधित कार्यालयास नम्र विनंती करण्यात येते की, माझ्या शेजारी सेवेत रुजू झालेल्या नव्या मनोऱ्यास दरवर्षी खांडेनवमीच्या दिवशी अर्धा दिवस खाली बसण्याची परवानगी देण्यात यावी. तेवढ्या वेळात तारा कोणी धरायच्या, हे कार्यालयाने आपल्या पातळीवर ठरवावे.