वांगचानमधली माणसं

"दीड इंच वर घ्या, मावशी. टाचेखाली येतेय."

माणसाने काळी पँट मशीनशेजारी ठेवली. बुनलुआने चष्म्याच्या वरून पाहिले; पुरुष असूनही गल्लीत सगळे त्याला मावशीच म्हणत. दुपारचे दोन वाजले होते. बारचे शटर अर्धे वर होते, तेही फक्त बुनलुआच्या शिलाईवर उजेड पडावा म्हणून. एरवी या वेळेला वांगचानमध्ये कुणी फिरकत नसे.

"हा बार आहे, बाबा. शिंप्याचं दुकान नाही."

"माहितीय की. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, लुआमावशीसारखा हात अख्ख्या पट्टायात नाही."

त्याने राखाडी शर्ट घातला होता, नीट इस्त्रीचा. वय चाळिशीचे. बोलणे मऊ, बँकेतल्या माणसासारखे. खुर्ची न विचारता ओढून तो बसला आणि आजूबाजूला पाहू लागला. आधी छोटा रंगमंच, मग मागचा आरसा, मग वर जाणारा लाकडी जिना. जिन्यावर त्याची नजर जरा जास्त थांबली.

"वर कोण राहतं?"

"मी. आणि आमचे दामरोंगदादा. मालक."

"त्यांना झटका येऊन गेला म्हणे."

"दोन वर्षं झाली."

"मग जिना उतरायला वेळ लागत असेल."

बुनलुआच्या हातातली टाचणी थांबली. "लागतो," तो म्हणाला.

"माझ्या आईचंही तसंच होतं." माणूस उठला, खुर्ची होती तिथे नीट सरकवली. "बुधवारपासून चार दिवस कुठंतरी जाऊन या, मावशी. दादांनाही न्या. या दिवसांत इथली हवा चांगली नसते. पँट सोमवारी नेतो." शटरखालून वाकून बाहेर पडताना तो हसला. "आणि हे आपल्या दोघांतच राहू द्या, काय?"

बुनलुआने पँट उलटी केली आणि दीड इंच मोजून खूण केली. काय करावे ते सुचेना, म्हणून त्याने हाताला येत होते ते केले. टाके इतके बारीक पडले की वरून दिसतच नव्हते. पुढे कितीतरी दिवस त्याला त्याचीच शरम वाटत राहिली.

*

बुनलुआ या गल्लीत आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. रोई-एत प्रांतातल्या एका भातखाचराच्या गावातून, एका पिशवीनिशी. दोन वर्षे तो नाचला. नाच बेताचाच होता. एकदा ऐन प्रयोगात सोबतच्याची झालर फाटली, ती याने पडद्याआड उभ्या उभ्या शिवून दिली. दामरोंगने ते पाहिले आणि दुसऱ्या दिवशी जुने शिलाई मशीन आणून त्याच्यापुढे ठेवले. "पाय इथं चालव. मंचावर चालवलेस तर गिऱ्हाईक पळतंय." तेव्हापासून तो सदतीस वर्षे शिवत होता. टिकल्या, पिसे, राणीचे झगे, राक्षसाचे मुकुट. गल्लीतल्या अकरा बारमध्ये त्याने शिवलेले कपडे नाचत होते.

त्या काळी अंधार पडला की गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पलीकडचे टोक दिसत नसे, इतकी माणसे. बायको-पोरांपासून लपून आलेले गोरे, बँकॉकहून शनिवारपुरते उतरलेले अधिकारी, ईशान्येकडच्या इसान भागातली पोरे, लष्करातून सुटून आलेले जवान. दिवसभर स्वतःला आवळून धरलेला माणूस इथे आला की खांदे सैल सोडी. ते सैल सुटणे बुनलुआला शिंप्याच्या नजरेने कळे. सदरा बसायचा तसा बसू लागे.

मग एकेक पाटी विझली. जुनी गिऱ्हाइके म्हातारी झाली, काही गेली. तरुण पोरांना आता गल्ली लागत नव्हती. फोनवरच भेट ठरे. जोमतिएनच्या किनाऱ्याला नव्या जागा निघाल्या होत्या, काचेच्या, उजेडाच्या, दारात सप्तरंगी झेंडे. लोक लेकरांना घेऊन तिथे फोटो काढत. पुरुषाला पुरुषाशी लग्न करता येईल असा कायदासुद्धा झाला. बुनलुआला त्याचा आनंद होता, खराच होता. पण ज्यांच्यासाठी व्हायला हवा होता ते कुठे होते?

ते वर होते, वांगचानच्या माडीवर. निदान बुनलुआ तसे मानायचा. तो वाईट आजार आला त्या वर्षांत इस्पितळे पोरांना दारातून परत पाठवत. दामरोंगने माडीवर चटया टाकल्या. सात वर्षांत चौदा जण तिथे गेले. घरून कुणी आले नाही. प्रत्येकासाठी बुनलुआने पांढरे कपडे शिवले, मापाचे. शेवटी शेवटी माप इतके लहान येई की एका लहान पोराचा सदरा होईल एवढे कापड उरे. भिंतीवर चौदा फोटो होते. गुरुवारी दामरोंग स्वतः त्यांच्यापुढे लाल सरबताचे पेले ठेवी.

आता गल्लीत दोनच बार उरले होते. बाकीच्या जागा कुठल्याशा कंपनीने घेतल्या होत्या. तिथे तीस मजली इमारत व्हायची होती. समोरच्या बारवाल्याने एप्रिलमध्ये विकायला नकार दिला आणि पोलिसांत अर्जही दिला. आठवड्याभरात त्याच्या स्कूटरला मागून गाडीने उडवले. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. इस्पितळातूनच त्याने सही केली. गल्लीत यावर कुणी मोठ्याने बोलत नसे. रात्री मात्र रिकाम्या बारांतून कुणीतरी चालल्याचे आवाज येत. सकाळी भिंतींवर लाल रंगाने आकडे लिहिलेले दिसत.

*

सोमवारी तो माणूस आला, पँट घेतली, टाके पाहून "वा!" म्हणाला. "मग ठरलं का जायचं?"

"साहेब, बुधवारी नक्की काय..."

"मी कुठं काय म्हणालो? हवा म्हणालो."

बुनलुआने दामरोंगला खरे सांगितले नाही. सांगितले असते तर दादा काठी घेऊन दारात बसला असता. "ओराफिन बोलावतेय," तो म्हणाला. ओराफिन त्याची भाची. नाक्लुआच्या बाजाराजवळ तिची तांदळाच्या पेजेची गाडी होती. "खेकडे आणलेत म्हणाली. चार दिवस राहू."

"चार दिवस? अगं ए, तुला तिथं कुणी नवरा सापडलाय का?"

"सापडला तर आधी तुम्हालाच दाखवीन. तुमची नजर वाईट लागते, तेवढीच भीती आहे."

"खेकडे मसाल्याचे की उकडलेले?"

"दोन्ही."

तेव्हा कुठे दामरोंग उठला. बहात्तराव्या वर्षीही तो पायांत पांढरे बूट घालून निघाला.

बुधवारची रात्र बुनलुआने फोन उशाशी ठेवून काढली. काही झाले नाही. गुरुवारी सकाळी पेज खाता खाता दामरोंगने जाहीर केले, "मी चाललो. आज गुरुवार."

"उद्या जाऊ ना, दादा."

"गुरुवारी आपले चौघे येतात." चौघे म्हणजे जुनी गिऱ्हाइके, दोन जर्मन, एक डच, एक इंग्रज. चौघांत मिळून तीन काठ्या. "मी दारात दिसलो नाही तर म्हणतील, म्हातारा मेला. त्या इंग्रजाचं काळीज अधू आहे."

ओराफिन भांडी घेऊन आत गेली तेव्हा बुनलुआने त्याचा हात धरला आणि सगळे सांगून टाकले. राखाडी शर्ट, जिना, बुधवार.

दामरोंग ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "आणि तू त्याची पँट शिवून दिलीस?"

"दिली."

"चांगली शिवलीस?"

बुनलुआ रडू लागला.

"अगं, रडतेस काय वेड्यासारखी?" दामरोंगने त्याच्या डोक्यावर हलकी टपली मारली. "मला भीती घालणारा हा काही पहिला नाही. शहाऐंशी साली फौजदार आला होता, ब्याण्णवला गुंड आले, मग तो आजार आला. बुधवार म्हणाला ना? गेला बुधवार."

"मग मीही येतो."

"ये संध्याकाळी. फाइलिनचा गाण्याचा झगा आणलायस ना सोबत? त्याची बाही उसवलीय, ती तेवढी करून आण. तशीच मंचावर गेली तर जर्मनांना वाटेल नवीन फॅशन आहे."

मोटारसायकलवाल्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून दामरोंग बसला. वळणावर त्याने मागे न पाहता हात वर केला.

बाही तासाभरात झाली. पाच वाजता बुनलुआने झगा पिशवीत घातला. सहा वाजता तो पिशवी घेऊन रस्त्यावर उभा राहिला. समोरून एक गाडी गेली, दुसरी गेली. पाय उचलेनात. तिसरी गेल्यावर त्याने फाइलिनला फोन केला, डोके दुखतेय म्हणाला, आणि घरात येऊन पंख्याखाली आडवा झाला. डोके दुखत नव्हते.

*

फाइलिनचा फोन पहाटे साडेपाचला आला. ती वांगचानमध्ये पंधरा वर्षे गात होती. आवाज असा बसला होता की आधी ओळखूच आला नाही.

"मावशी, जळलं गं सगळं. शेजारच्या बंद बारातून आला जाळ. आम्ही सगळ्या दोनलाच घरी गेलो होतो..."

"आणि दादा?"



वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. बंद बारमध्ये शॉर्ट सर्किट. त्या बारचे मीटर तीन महिन्यांपूर्वीच काढून नेलेले होते, हे गल्लीतल्या लहान पोरालाही माहीत होते. दामरोंग जिन्याच्या चौथ्या पायरीवर सापडला. वरून मोजली तर चौथी.

बुनलुआ इस्पितळात गेला. तिथल्या बाईने विचारले, "तुम्ही त्यांचे कोण?" सदतीस वर्षांचे उत्तर एका शब्दात द्यायचे होते. त्याला शब्द सापडेपर्यंत चंथाबुरीहून दामरोंगचा एक पुतण्या आला. वीस वर्षांत तो कधी दिसला नव्हता. त्याने दोन तासांत प्रेत ताब्यात घेतले. संध्याकाळपर्यंत जागेच्या कागदांवरही सही केली.

शनिवारी कळले की रविवारी दुपारी यंत्रे लागणार. बुनलुआ देवळात भिक्खूंकडे गेला. ते म्हणाले, सातव्या दिवशी येऊ. "सातव्या दिवशी तिथं खड्डा असेल, महाराज," तो म्हणाला. मग एकटाच निघाला.

जे माणूस अवचित जाते, ते गेले तिथेच घोटाळत राहते. त्याला नावाने हाक मारून, वाट सांगत सांगत घरी न्यावे लागते. नाहीतर ते चुकते. हे रोई-एतमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आता इमारत उभी राहिली तर त्याच्या माणसांवर तीस मजले चढणार होते.

रविवारी सकाळी नऊला तो गल्लीत आला. जळक्या लाकडाचा आणि वितळलेल्या टिकल्यांचा वास अजून होता. दोरी बांधली होती. एक पहारेकरी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, आणि त्याच्याशी बोलत राखाडी शर्टातला तो माणूस उभा होता.

"मावशी," तो म्हणाला, "ऐकून वाईट वाटलं."

बुनलुआला पळावेसे वाटले. गुरुवारी संध्याकाळी वाटले होते तसेच. पण या वेळी तो हलला नाही.

"बाजूला व्हा," तो म्हणाला. "माझी माणसं बाहेर यायचीत. तुम्ही दारात उभे आहात."

माणसाच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण त्याचे पाय मागे सरले. एक पाऊल, मग दुसरे. पहारेकऱ्याने खुर्चीवरून उठून हात जोडले.

बुनलुआने उदबत्ती पेटवली आणि दोरीशी उभा राहून हाका मारल्या. सानित. प्रासोंग. थोंगडी. लेक नावाचा छोटा पोरगा, ज्याला अंधाराची भीती वाटे. अशी चौदा नावे, सावकाश, एकही न चुकता. मग थोडे थांबून म्हणाला, "दादा, तुम्हीही. उशीर झाला मला. शिव्या द्यायच्या त्या वाटेत द्या, पण चला."

मोठ्या रस्त्यावर त्याने निळी सोंगथ्याव, बाकांची शेअर गाडी, थांबवली. मागे समोरासमोर दोन बाक, सात-आठ माणसे. त्याच्या हातात जळती उदबत्ती पाहून चालकाने आरशातून एकदा पाहिले आणि तो गाडी हळू हाकू लागला.

"आता सरळ चाललोय," बुनलुआ हलक्या आवाजात सांगत होता. "सानित, कडेला बसू नकोस. हा डॉल्फिनचा चौक. आता डावीकडे वळायचं, नाक्लुआच्या रस्त्याला, ओराफिनकडे. लेकचा हात धरा कुणीतरी. दादा, पाय सांभाळा."

शाळकरी मुलगी खिडकीतून बाहेर बघू लागली. समोर एक बाजारकरीण बसली होती, शेजारच्या जागेवर तिची भाजीची टोपली. बराच वेळ ती त्याचे बोलणे ऐकत होती. मग तिने टोपली उचलून मांडीवर घेतली आणि कडेला सरकून जागा करून दिली.