काका घरी असतात तेव्हा

गणिताच्या सरांनी फळ्यावरचे नळाच्या पाण्याचे आकडे पुसले आणि तिथे तीन नवे रकाने आखले. आठवीचा वर्ग रंगात आला होता. घरातल्या रोजच्या गोष्टी टिपायच्या आणि त्यावरून निष्कर्ष काढायचा, हा धडा मुलांना आवडला होता. कुणाकडे पाणी कधी जातं, कुणाचे आजोबा दिवसातून कितीदा चष्मा शोधतात, सगळं मांडून झालं होतं.

"आता एक माझ्याकडचं," सर म्हणाले. "म्हणजे माझ्या ओळखीच्या एका घरातलं. तिथे फोन येतो, पण पलीकडून कुणी बोलत नाही. फोन कधी आला, घरातल्या काकांनी उचलला की काकूंनी, किती वेळ चालला, ते लिहितो. कोण करत असेल, सांगा."

"विमावाला, सर!"

"विमावाला कधी गप्प बसतो का रे?" शेजारचा म्हणाला आणि वर्ग खदाखदा हसला.

सर हसले नाहीत. सगळं पाठ असल्यासारखे भराभर लिहीत राहिले.

पाठ होतंच. पावसाळ्याआधी त्यांचा मुलगा घर सोडून गेला, मोबाइल टेबलावर ठेवून. आदल्या संध्याकाळी सरांनी त्याला समोर बसवलं होतं, कॉलेजच्या तिन्ही वर्षांचे घसरत गेलेले गुण एकाखाली एक वाचून दाखवले होते आणि विचारलं होतं, "यावरून काय निष्कर्ष निघतो, तूच सांग." तो उठून आत गेला होता. मग मित्र, नातेवाईक, स्टेशनं, दवाखाने, सगळं पालथं घालून झालं. चौकीत पोलिसांनी सांगितलं, सज्ञान आहे, स्वतःहून गेलाय, येईल. आणि एके दिवशी घरातल्या जुन्या फोनवर, ज्याच्यावर नंबर दिसत नाही त्या फोनवर, हे मुके फोन सुरू झाले. बाकी सगळ्यांना त्यांनी बजावलं होतं, या नंबरवर कुणी फोन करायचा नाही.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्ग तिला वकीलबाई म्हणायचा, कारण उलटतपासणी केल्याशिवाय तिला कुठलंच उत्तर पटत नसे.

"सर, काकू उचलतात तेव्हा फोन लांबतो. आधी अर्धा मिनिट, मग तीन, मग सात. काका उचलतात तेव्हा लगेच कट."

"बरोबर. पुढे?"

"सुरुवातीला फोन फक्त दुपारी येतात. तेव्हा काका कामावर असणार. करणाऱ्याला ते माहीत आहे. म्हणजे तो घरातलाच आहे, सर."

सरांनी मान हलवली. इथवर त्यांचंही गणित पोहोचलं होतं.

"पण इथून खाली सगळीकडे काकाच. दुपारीसुद्धा काकाच. ते घरीच बसून असतात का?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं. रजा टाकून ते फोनशेजारी खुर्ची ओढून बसले होते. पहिली घंटा पुरती वाजायच्या आत रिसीव्हर कानाला. हात पुसत बायको बाहेर येईपर्यंत त्यांचं "बाळा, कुठे आहेस, सांग ना," म्हणून झालेलं असे आणि फोन बंद पडलेला असे. गेल्या आठवड्यात तर घंटा वाजलीच नव्हती. आज रजा संपली म्हणून ते आले होते. आणखी महिनाभराच्या रजेचा अर्ज खिशात होता.

"हो. घरीच असतात."

"कशाला?"

"काळजी वाटते म्हणून."

"पण त्यामुळेच तर फोन थांबले!" ती म्हणाली. "त्या काकांना कामावर पाठवा, सर."

वर्ग पुन्हा हसला. सर पाठमोरे झाले. शेवटच्या ओळीखाली त्यांनी एक रेघ ओढली.

"दुसरंही कारण असू शकेल," ते वळून म्हणाले. "तो आजारी असेल. त्याला... काही झालं असेल."

"असेल ना," वकीलबाई म्हणाली. "पण बघता येईल की. काकांनी दुपारचं घरी थांबायचं नाही."

संध्याकाळी घरी आल्यावर सर खुर्चीकडे गेले, पण बसले नाहीत. ती उचलून त्यांनी पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवली. बायको दारातून बघत होती.

"उद्यापासून शाळेत जाईन म्हणतो," ते म्हणाले. "रोज."

तिनं चटकन मान खाली घातली. हेच ऐकायची ती किती दिवस वाट बघत होती, ते त्यांना तेव्हा दिसलं.

"जा," ती म्हणाली. आणि वळता वळता, "मी असते घरात."

"आधी का नाही बोललीस?"

"कसं बोलणार? तुम्ही तिथून जेवायलासुद्धा उठत नव्हता."

पुढचे काही दिवस घरी परतल्यावर ते नुसते तिच्याकडे बघत आणि ती मानेनंच नाही म्हणे. रात्री दोघं दिवा मालवून जागे असत, पण एकमेकांना तसं कळू देत नसत. वर्गात शिकवता शिकवता त्यांचे शब्द तुटत. अर्ज अजून खिशातच होता. घडीवर फाटत चालला होता.

मग एका दुपारी, मधल्या सुट्टीत, त्यांना राहवलं नाही. फोन चालू तरी आहे ना, एवढंच बघू, म्हणून शिक्षकांच्या खोलीतून त्यांनी मोबाइलवरून घरचा नंबर लावला.

टूं टूं टूं. लाइन व्यस्त होती.

त्यांनी घाईघाईनं बंद केला. भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. चहा पुढ्यात आला, त्यावर साय धरली. सुट्टी संपत आली तेव्हा त्यांनी पुन्हा लावला. तोच आवाज. या खेपेला तो त्यांनी डोळे मिटून, आपोआप बंद होईपर्यंत ऐकला.

"लागत नाही का?" समोर चित्रकलेच्या बाई वह्या तपासत होत्या.

"नाही. मघापासून एंगेजच आहे."

"रिसीव्हर नीट ठेवला नसेल. आमच्याकडे नेहमी होतं तसं."

"असेल," सर म्हणाले. आणि तिसऱ्यांदा त्यांनी फोन लावला नाही.