पडतं घेणं

माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण मुलाला निमित्त मिळालं. "आई, आता आणखी एकदा पडलीस तर सरळ माझ्याकडे यायचं. हे घर बंद," असं त्याने जाहीर करून टाकलं. त्याची बायकोही त्यांना न्यायला एका पायावर तयार होती.

जाऊबाई मात्र खरोखरच एका पायावर उभ्या राहायला लागल्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, तोल सांभाळायचा तर रोज ओट्याला धरून एकेक पाय उचला. मग काय, दूध तापेपर्यंत डावा, चहा उकळेपर्यंत उजवा. हात न टेकता खुर्चीतून उठणं, पावलाला पाऊल लावून चालणं, सगळं सुरू झालं. नवऱ्याच्या माघारी आपल्या घरात आपल्या मर्जीने राहायची त्यांना चटक लागली होती. ती सुटू नये म्हणून ही बाई वाट्टेल ते करणार होती.

मी त्यांना हसायचे. मला काय गरज? मी माझ्या मुलाकडे सुखात असते. पाणी हातात, चहा हातात, सोफ्यावरून उठायचं म्हटलं की दोघं धावतात. नशीब लागतं त्याला.

परवा पुतण्या मला गाडीत घालून त्यांच्याकडे घेऊन गेला. त्याने स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडलं, तर जाऊबाई बैठकीत जमिनीवर उताण्या.

"आई!" तो असा ओरडला की त्याच दचकल्या.

"केवढ्याने ओरडतोस! व्यायाम करतेय."

"पडून?"

"पडल्यावर उठायचं कसं, त्याचा. त्यासाठी आधी खाली असावं लागतं ना?"

तोवर पुतण्याने काखेत हात घालून त्यांना उभं केलं होतं. "पडलेलं प्रत्येक माणूस असंच म्हणतं," तो मला म्हणाला. मीही मान डोलावली. मला सोफा मिळाला होता.

"बरं, बघच," म्हणत जाऊबाई पुन्हा आडव्या झाल्या. कुशीवर वळल्या, कोपरावर आल्या, मग गुडघ्यांवर. खुर्चीवर हात टेकणार तेवढ्यात पुतण्याला राहवलं नाही. त्याने उचललंच.

"बघितलंस काकू? मला उचलावं लागलं!"

"तुला कुणी सांगितलं होतं?" जाऊबाई म्हणाल्या.

"आई, हट्ट पुरे. तिकडे खोली तयार आहे. सगळ्यांशी जुळवून घेतलंस, आता माझ्यासाठी थोडं पडतं घे."

आमच्या सासूबाईंचं हे आवडतं वाक्य होतं. थोरलीने पडतं घ्यावं. आणि थोरलीने घेतलं होतं, सासऱ्यांपुढे, नवऱ्यापुढे, आम्हा धाकट्यांपुढेही.

"पडतं घ्यायचं मला येतं रे," त्या म्हणाल्या. "जन्मभर तेच केलं. उठायचं कुणी शिकवलं नव्हतं, ते आता शिकतेय. हात मांडीखाली घाल आणि गप बस."

तो शिक्षा झालेल्या पोरासारखा बसला. त्या पुन्हा आडव्या झाल्या. कुशी, कोपर, गुडघे. खुर्चीला धरून एक पाय पुढे टेकवला आणि थांबल्या. पुतण्याचा जीव कासावीस झाला, माझाही. आणि जाऊबाई उठल्या. धापा टाकत, केस सावरत, पण कुणाचा हात न धरता.

"किल्ली टेबलावर ठेव," त्या म्हणाल्या. "येशील तेव्हा बेल वाजव. दार उघडायला मी येईन."

त्याने किल्ली ठेवली. मग घसा खाकरून म्हणाला, "चल काकू, निघू या." मी सवयीने दोन्ही हात पुढे केले. तो धावला.

"तिला हात देऊ नकोस," जाऊबाई म्हणाल्या. "धाकटे, पाय मागे घे, पुढे वाक आणि ऊठ."

मी पाय मागे घेतले. पुढे वाकले. सगळं त्यांनी सांगितलं तसंच केलं. मला त्यांचा हेवा वाटला आणि स्वतःची भीती. पुतण्या दाराशी जाऊन उभा राहिला, जाऊबाई त्याच्या शेजारी. मी अजून सोफ्यावरच होते.