वस्ती पुढे आहे

आमच्या वस्तीचा भूगोल सोपा आहे. दोन रस्ते एकमेकांना छेदतात, त्या फुलीवर सात घरं. इतिहास त्याहून सोपा. पणजोबांच्या गाडीचं चाक इथे मोडलं. ते दुरुस्त होईपर्यंत थांबायचं ठरलं. अजून थांबलोय.

आम्हाला कारभारी नाही, कचेरी नाही, नावाची पाटीही नाही. पणजोबांच्या काळात एक माणसं मोजणारा आला होता. पुढच्याच आठवड्यात मोजलेले सगळे पुरुष रस्ता खणायला नेले. तेव्हापासून अनोळखी माणसाने काही विचारलं, की आम्ही हात लांब करतो. "वस्ती ना? पुढे आहे."

बस थांबते शिंपीणमावशींच्या दुकानासमोर. शिवलेले गणवेश त्या बसनेच शहरात धाडतात. गुडघा कामातून गेलेला. पायरीपासून बसच्या दारापर्यंत अकरा पावलं. तेवढी कशीबशी जमतात.

मंगळवारी सकाळी नकाशावाला आला. पेन्सिलीने खिसा फाटला होता.

"मावशी, एवढा शिवून द्याल? आणि ही वस्ती..."

"वस्ती पुढे आहे."

"मग हे काय?"

"हे दुकान आहे."

तो लोहाराकडे गेला. लोहार म्हणाला, "मी इथला नाही. कामापुरता येतो."

"किती वर्षं?"

"चाळीस."

सातही घरांनी एकच दिशा दाखवली. नकाशावाला तिकडे निघून गेला.

दुपारी बसच्या कंडक्टरने गठ्ठा उचलता उचलता सांगितलं, "मावशी, नव्या नकाशात वस्ती जिथे, थांबा तिथेच हं. माणूस येऊन गेला ना?"

मावशींच्या ओठातली सुई खाली पडली. ती न शोधताच त्या लंगडत लोहाराकडे गेल्या.

"भावजी, तो परत येईल तेव्हा खरं सांगा. बससाठी विचारतोय."

"तोंडाने बसच म्हणतात, वहिनी. मग हातात फावडं देतात."

"अहो, माझं दुकान बसेल!"

"तेच म्हणतो मी. आज दुकान, उद्या आपण."

ऊन कलल्यावर नकाशावाला परतला. मावशी रस्त्याच्या मधोमध उभ्या.

"साहेब, वस्ती हीच."

त्याने वहीची पानं उलटली. "सकाळी तुम्हीच पुढे म्हणालात."

"खोटं बोलले."

"आणि आता खरं कशावरून?"

मावशींनी आमच्याकडे बोट केलं. सातही दारं दोन-दोन बोटं उघडी होती.

"काय हो, तुम्ही इथलेच ना?" त्याने विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शेवटी लोहार खाकरला. "आम्ही... पुढचे."

मावशी आत जाऊन मशीनवर बसल्या.

तीन महिन्यांनी नकाशा आला. आमची वस्ती दोन किलोमीटर पुढे, उघड्या माळावर आहे. तिथे पत्र्याची शेड झाली, बाक झालं. बस आता दुकानावरून धूळ उडवत जाते. मावशी हातगाडीवर गठ्ठे लोटत नेतात. गाडी लोहाराने फुकट करून दिली. देताना तिच्या चाकाकडेच बघत होता.

परवा तोच धावत आला. "माळावर बाकावर कुणीतरी बसलंय! तासभर हललं नाही. काय मोजतंय कोण जाणे."

मावशी होत्या. गुडघा भरून आला म्हणून टेकल्या होत्या.

लोहाराला ते अजून पटलेलं नाही.