टेरिकॉटचा शर्ट

“पट्टा थांबवा! आरं, थांबवा की रं!”

नाथाजी ओरडला, पण यंत्राच्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार? मग तो सरळ पट्ट्यावर आडवा झाला. तेव्हा कुठे यंत्र चालवणाऱ्या बिराप्पाने खटका ओढला आणि शिव्या घालतच तो खाली उतरला.

“मरायचं हाय काय म्हाताऱ्या? पुढं गठ्ठ्याची मशीन हाय, दिसत न्हाई?”

नाथाजीच्या मुठीत चिखलाने माखलेली एक बाही होती. ती ओढता ओढता अख्खा शर्ट बाहेर आला, टेरिकॉटचा म्हणून न कुजलेला, आणि मागोमाग युरियाच्या पोत्याच्या चिंध्या. त्याने शर्ट उलटा केला. आत, डाव्या बाजूला, हिरव्या लुगड्याच्या कापडाचा खिसा शिवलेला होता. नाथाजीने शर्ट छातीशी धरला.

विट्याच्या वरच्या माळावर पिढीभराचा कचरा साठला होता. आता तो उकरून, चाळून त्यातून माती, लोखंड, काच, प्लॅस्टिक वेगळं काढायचं काम निघालं होतं. कागदोपत्री त्याला बायोमायनिंग म्हणत. लोक म्हणत, ढीग उकरणं. माती भरावाला जाई, लोखंड भंगारात, आणि चिंध्या-प्लॅस्टिकचे गठ्ठे सिमेंटच्या कारखान्यात जाळायला.

नाथाजीने हे काम मागून घेतलं तेव्हा गावाने तोंडात बोट घातलं. ज्याने उभी हयात तिकडे तमिळनाडूत, सेलमला सोनं गाळण्यात घालवली, गावात माडी बांधली, तो आता उकिरडा चिवडणार? “गलाईवाला तो गलाईवालाच,” पारावरचे हसायचे. “कचऱ्यात बी सोनंच दिसतंय त्येला.” लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार! नाथाजी ऐकून घ्यायचा आणि कामावर जायचा.

उदयसिंह हा त्याचा एकुलता एक. शाळेत पोराचं मन रमेना म्हणून नाथाजीने त्याला सेलमला नेऊन आपल्या हाताखाली घातलं. पोरगा हुशार निघाला, हात बसला. एका दुपारी नाथाजी सराफाकडे गेला होता आणि पोरगा एकटाच तेजाबाचं, म्हणजे ॲसिडने सोनं साफ करायचं, काम करत होता. त्याचा विषारी धूर बाहेर गेला की शेजारी भांडायला येत, म्हणून शटर खाली ओढलेलं. नाथाजीने परत येऊन ते वर केलं तेव्हा सगळं संपलं होतं.

पोराला घेऊन तो गावी आला, तेव्हा त्याच्या कामाच्या कपड्यांचं बोचकंही त्याने बरोबर आणलं. का आणलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. गेलेल्याची कापडं घरात ठेवू नयेत अशी रीत. सुतक फिटल्यावर नाथाजीच्या बायकोने, बनुबाईने, काळजावर दगड ठेवून ते बोचकं युरियाच्या पोत्यात बांधलं आणि घंटागाडीत टाकलं.

पण गलाईवाल्यांची रीत वेगळी. भट्टीपुढे वापरलेलं कापड ते कधी फेकत नाहीत. धाग्याधाग्यात सोन्याची कणी बसलेली असते. कापड विरलं की जाळायचं, राख धुवायची आणि सोनं काढायचं. पोतं गेल्याचं कळलं, तशी हयातभराची सवय नाथाजीच्या तोंडून बोलून गेली.

“अगं, जाळल्याबिगर टाकत्यात व्हय ती?”

बनुबाई त्याच्याकडे बघतच राहिली. “पोरगं गेलं,” ती म्हणाली, “आन तुमास्नी सोन्याचं पडलंय.”

त्याला तसं म्हणायचंच नव्हतं. त्याला पोराच्या घामाचा वास हवा होता. तो शर्ट उशाला घेऊन पडायचं होतं. पण जीभ धंद्याची निघाली, आणि तोंडातून सुटलेला शब्द कुणाला माघारी आणता आलाय? त्यानंतर बनुबाई वेळेवर वाढायची, दुखलंखुपलं बघायची, पण आपणहून त्याच्याशी बोलायची नाही. अशी वर्षं गेली. ढीग उकरणार असं ऐकलं तेव्हा नाथाजीच्या मनाने एकच घेतलं: तो शर्ट शोधायचा आणि न जाळता तिच्या हातात द्यायचा. मग तरी तिला कळेल.

ढिगातून पोरगा गेला त्या दुष्काळातल्या चारा छावण्यांचे फलक निघायला लागले, तसं त्याने ओळखलं की आपलं साल आलं. मग जेवायच्या सुट्टीतही तो पट्ट्यापासून हलेना.

आज पट्टा थांबलेला पाहून कामावरची तरुण इंजिनीयर अंकिता धावत आली. “काका, इथलं काही घरी नेता येत नाही, माहितीये ना?” बोलता बोलता तिने त्याचा चेहरा पाहिला. “कुणाचा आहे?”

“पोराचा.”

तिने शर्टाकडे पाहिलं, मग पाठ फिरवली. “बिराप्पा, पट्टा सुरू करा,” ती म्हणाली आणि निघून गेली.

घरी बनुबाई ओसरीवर जोंधळे निवडत होती. नाथाजीने शर्ट तिच्यापुढे ठेवला. तिने तो उलटा केला, आतल्या खिशाच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. स्वतःच्या हातचे टाके बाई कशी विसरेल? ती रडली नाही. उठली आणि घमेल्यात पाणी घेऊन बसली. तिने शर्ट आपटला नाही, पिळला नाही. नुसत्या बोटांनी चिखल सोडवत राहिली. मग काळ्या पाण्याचं ते घमेलं तिने नवऱ्यापुढे सरकवलं.

“शर्ट माझा. पानी तुमचं,” ती म्हणाली. “टाकलं न्हाई मी. तळाला बसंल ते काढून घ्या.”

नाथाजीने घमेलं उचललं, अंगणाच्या कडेला नेलं आणि सगळं पाणी मातीत ओतून दिलं.

“मला कवाच नको हुतं गं ते,” तो म्हणाला.

बनुबाई ओल्या मातीकडे बघत राहिली. “आवं, मग तवाच का न्हाई बोलला?”

नाथाजीने रिकामं घमेलं पालथं घातलं.

ती शर्ट तारेवर घालायला गेली, पण ओल्या वजनाने खांद्याची शिवण उसवायला लागली. “फाटंल, फाटंल!” म्हणत नाथाजीने धावत जाऊन खालून हात लावला. दोघांनी मिळून तो बाजेवर पसरला. तिने उरलेली बटणं लावली, त्याने बाह्या सरळ केल्या. वारा सुटला, तशी कॉलर उडायला लागली. तिने कॉलरवर हात ठेवला, त्याने खालच्या कडेवर. दोघं बाजेच्या दोन बाजूंना बसून राहिली. शर्ट केव्हाच वाळला होता, पण हात कुणीच काढला नाही.