गोळा सरळ, पृथ्वी फिरती

मित्रांनो, शाळेच्या जिन्यातून वर-खाली जाताना मधल्या पोकळीत लांब तारेला टांगलेला एक काळा गोळा तुम्ही रोज पाहता. तोच मी. अंगावर खड्डे पडले आहेत, रंग उडाला आहे. पण आज मला बोलायचे आहे, आणि तेही छाती फुगवून.

माझा जन्म भट्टीत झाला. लाल रसरसते लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, थंड झाल्यावर घासले, आणि झालो मी गोळाफेकीचा गोळा. शाळेच्या मैदानावर माझी काय ऐट होती म्हणून सांगू! दणकट मुले मला मानेशी धरायची, गर्रकन वळून फेकायची. क्षणभर हवेत, मग धप्पकन मातीत. मला दूर फेकणाऱ्याच्या गळ्यात पदक पडे, आणि टाळ्या मला माझ्याच वाटत.

पुढे नवे गुळगुळीत गोळे आले आणि माझी नेमणूक प्रयोगशाळेच्या दाराशी झाली. काम एकच, वाऱ्याने दार आपटू द्यायचे नाही. येणाराजाणारा मला ठेचकाळायचा आणि वर मलाच शिव्या द्यायचा. पण दाराशी पडून का होईना, विज्ञान माझ्या कानांवर पडू लागले.

प्रयोगशाळेत येणाऱ्या एका वर्गात एक मुलगी होती. तिचे खरे नाव शिक्षकसुद्धा विसरले होते. काहीही सांगा, ती विचारायची, "कशावरून?" म्हणून सगळे तिला 'कशावरून' याच नावाने हाक मारत. परीक्षेत प्रश्न आला, 'पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे स्पष्ट करा.' तिने लिहिले, 'फिरते असे सगळे म्हणतात. मला अजून कोणी दाखवलेले नाही.'

झाले! मुख्याध्यापकांनी तिला आणि तिच्या आईला बोलावले. त्यांच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून ही सभा प्रयोगशाळेतच भरली.

"अगं, दिवस-रात्र होतात की नाही?" मुख्याध्यापक म्हणाले.

"होतात ना सर. पण पृथ्वी जागेवर थांबली आणि सूर्य तिच्याभोवती फिरला, तरी होतीलच की."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हा उद्धटपणा आहे. सोमवारी सगळ्या शाळेसमोर माफी मागायची."

मुलीचा चेहरा उतरला. आई हळूच म्हणाली, "माग गं बाई. शहाण्या माणसांशी वाद कशाला?"

तेवढ्यात विज्ञानाच्या बाई उठल्या. "सर, तिनं पुरावा मागितलाय. द्यायचं काम आपलं. सोमवारी शाळेसमोर मी पृथ्वी फिरताना दाखवते. नाही जमलं, तर तिच्याऐवजी मी माफी मागते."

बाई बाहेर निघाल्या आणि दारात मला ठेचकाळल्या. एरवी मी शिव्या खाल्ल्या असत्या. पण बाई खाली वाकल्या, मला दोन्ही हातांनी उचलले आणि म्हणाल्या, "सापडला!"

त्यांनी मला जिन्याच्या पोकळीत टांगायचे ठरवले. माझ्या पोटाखाली एक टोकदार खिळा बसवला. जाड दोर वरच्या कठड्याच्या आडव्या दांडीला बांधला. खाली फरशीवर खडूने सरळ रेघ ओढली आणि रेघेच्या टोकाशी दोन्ही बाजूंना खडू उभे केले. सोमवारी तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर मुलांची झुंबड उडाली. खेळाच्या सरांनी मला धरून जोरात ढकलले.

काय सांगू मित्रांनो! दोराला पीळ बसला. मी गरगरलो, तिरका गेलो, अंडाकृती फिरलो, डावे-उजवे सगळे खडू उधळले आणि शेवटी जिन्याच्या पायरीवर आपटलो. हशा पिकला. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पृथ्वीचं राहू द्या, तुमचा गोळाच फिरला की!"

बाई पायरीवर बसल्या. त्यांच्या हातांना खडूची पूड लागली होती. माझे लोखंड त्या दिवशी फार जड झाले होते. कशावरून त्यांच्या शेजारी येऊन बसली. "बाई, तो आपणहून कुठं वाकडा गेला? दोर पिळत होता, आणि सरांनी ढकलताना हात वळवला. मी पाहिलंय."

बाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिले. मग ताडकन उठल्या. "सर, अजून एक संधी. फक्त उद्याची."

मुख्याध्यापकांनी नाइलाजाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दोराच्या जागी पोलादी तार आली. मला बाजूला ओढून सुती दोऱ्याने खांबाला बांधले. मी पूर्ण शांत होईपर्यंत बाईंनी कुणाला शिंकूही दिले नाही. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "गोळा ज्या दिशेनं जातो तिकडे तोंड करून पाहिलं, तर उजवीकडचे खडू पडतील. डावीकडचा एकही पडणार नाही. ऐकलं ना सगळ्यांनी?"

त्यांनी काडी ओढली आणि दोरा जाळला. मी सुटलो. कोणाचा हात नाही, धक्का नाही. रेघेवरून सरळ गेलो, सरळ आलो. मला एवढेच येते, मित्रांनो. एकदा दिशा मिळाली की तिच्याशी इमान राखायचे.

बराच वेळ काही झाले नाही. मुले चुळबुळू लागली. मुख्याध्यापक घड्याळाकडे पाहू लागले. आणि टक्! उजवीकडचा पहिला खडू आडवा झाला.

"पडला!" वरच्या मजल्यावरून आरोळी आली.

थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. डावीकडचे सगळे शिपायासारखे ताठ उभे. आता माझी वाट आणि खडूची रेघ यांच्यातली फट लांबूनही दिसत होती.

बाई म्हणाल्या, "याला कोणी वळवलेलं नाही. मग रेघ का सरकली? कारण तिच्याखालची फरशी सरकली. फरशीखालची जमीन सरकली. ही शाळा, हा जिना, आपण सगळे या क्षणी फिरतोय!"

हे ऐकताच काय झाले ठाऊक आहे? तिन्ही मजल्यांवरच्या मुलांनी एकदम कठडा घट्ट धरला! मुख्याध्यापकांनीसुद्धा. मुलीबरोबर आलेल्या तिच्या आईने तर खेळाच्या सरांचा दंडच पकडला. आणि मग जो जल्लोष झाला! मैदानावरच्या सगळ्या टाळ्या त्यापुढे फिक्या पडल्या.

कशावरून मात्र गुडघ्यांवर बसून पडलेले खडू पाहत होती. तिचे डोळे चमकत होते. "बाई, पटलं! आता सूर्याभोवती फिरते ते दाखवा. आणि सूर्य कोणाभोवती फिरतो?"

"तोही आपल्याला घेऊन आकाशगंगेत फिरतो," बाई म्हणाल्या. "आणि तशा आकाशगंगा तर अगणित."

मुख्याध्यापक कठडा सोडून पुढे आले. "बाई, आधी हिला पैकीच्या पैकी गुण द्या. नाहीतर ही आकाशगंगासुद्धा याच जिन्यात टांगायला लावेल!" मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "माफी मी मागतो, बाळ. सगळ्या शाळेसमोर." आणि खरोखरच मागितली.

तेव्हापासून मी इथेच आहे. मित्रांनो, माझे एवढे ऐका. येताजाता मला उगाच ढकलू नका, तारेला लोंबकळू नका, अधूनमधून अंगावरची धूळ पुसा. एका जुन्या, खड्डे पडलेल्या गोळ्याला अख्ख्या पृथ्वीच्या फिरण्याची साक्ष द्यायची असते. मला नीट सांभाळा, आणि मग कठडा धरून मनसोक्त पाहा, तुम्ही केवढ्या मोठ्या प्रवासाला निघाला आहात!